नदी साफ करण्यात लोकांचं काम नेमकं कोणतं?

मराठवाड्यातल्या शहरांमधून जाणाऱ्या बहुतेक नद्यांना वर्षातले सात-आठ महिने स्वतःचं पाणीच नसतं. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बेताचा. खाली बेसाल्टचा काळा खडक. दिवाळी उलटली की झरे आटायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत पुलावरून खाली वाकून पाहिलं तर जे काळपट पाणी वाहताना दिसतं, ते आपल्या न्हाण्यांतलं, मोऱ्यांतलं आणि संडासांतलं असतं. छत्रपती संभाजीनगरची खाम घ्या, सुखना घ्या, बीडची बिंदुसरा घ्या किंवा जालन्याची कुंडलिका. उन्हाळ्यातली गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

बारमाही नदीत घाण पाण्यात मिसळते, पातळ होते, पुढे वाहून जाते. आपल्याकडे मिसळायला पाणीच नाही. त्यामुळे "नदी साफ करू या" असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर गावाचं सांडपाणी कुठे जातं, या प्रश्नाला हात घालत असतो. तो प्रश्न रविवारी सकाळी खराटे आणि टोपल्या घेऊन सुटत नाही.

श्रमदानाला माझा विरोध नाही. हजार माणसं एका सकाळी काठावर उतरली की ट्रॉल्या भरभरून प्लास्टिक, गाद्या, नारळाच्या करवंट्या, फाटके फ्लेक्स बाहेर निघतात. बेशरमाची बेटं उपटली जातात. ज्यांनी वर्षानुवर्षं पुलावरून नाक दाबून गाडी पळवली, ते पहिल्यांदाच नदीच्या पातळीवरून आपलं गाव पाहतात, आणि याचं मोल मोठं आहे. पण त्या सकाळी नदीत येणारं सांडपाणी एका बादलीनेही कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, पंधरा दिवसांत काठ पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि मग लोकच म्हणतात, "काही उपयोग नाही बघा, आपली माणसंच तशी." इथे सहभाग संपतो. असं का होतं हे कळायला आधी पाण्यात काय घडतं ते पाहू.

पाण्याचा दम का कोंडतो

सांडपाण्यात अन्नाचे कण, तेल, साबण, मैला असतो. हे सगळं जिवाणूंचं खाद्य. एखाद्या पंगतीला पन्नास पानांचा स्वयंपाक असावा आणि पाचशे माणसं येऊन बसावीत, तसं नदीत होतं. फक्त इथे कमी पडतं ते जेवण नाही, प्राणवायू. जिवाणू जेवढं खातात तेवढा पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. बीओडी जास्त म्हणजे पाणी जास्त घाण, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आंघोळीलायक पाण्यासाठी आपल्याकडचा निकष असा: बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅम किंवा जास्त. नाल्यातल्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण दोनशेच्या घरात, कधी त्याहून वर. म्हणजे आंघोळीलायक एका लिटरच्या तुलनेत सत्तरपट. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, ज्यांना तो लागतच नाही. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास आणि तळाला साचणारा काळा चिखल त्यातून येतो. मासे जातात, बेडूक जातात, आणि गाळात लाल अळ्या वळवळायला लागतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तग धरतात. प्रयोगशाळा नसली तरी चालेल; गाळात लाल अळ्या दिसल्या की पाण्याची तब्येत कळली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 च्या अहवालात देशभरातले 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांतले 55 एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ही यादी बीओडीवरच ठरते.

मग प्रकल्प असूनही नदी काळी का?

छत्रपती संभाजीनगरात कांचनवाडीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. क्षमता 161 एमएलडी, म्हणजे दिवसाला 16 कोटी 10 लाख लिटर. आकडा ऐकून वाटतं, मग अडचण कसली? अडचण अशी की केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोचणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. मधली नळवाहिनी फुटलेली असते, चेंबर तुंबलेलं असतं, ड्रेनेजलाइन पावसाच्या नालीला जोडलेली असते. गुंठेवारी वसाहतींमध्ये तर लोकांनी वर्गणी काढून स्वतःच पाइप टाकलेले असतात, आणि उतार जिकडे असेल तिकडच्या नाल्यात ते सोडून दिलेले असतात. नकाशावर अशी लाइन नसतेच.

हिशेब करायचा तर सोपा आहे. सरकारी निकषाने शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, आणि त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत 135 हा आकडा वाचून लोक हसतील हे मला कळतं. तरी बोअर आणि टँकर धरून त्याच्या निम्मं मानू या. पाच माणसांच्या घरातून रोज 270 लिटर सांडपाणी. हजार घरांची, नकाशात नसलेल्या पाइपांची एक वसाहत रोज पावणेतीन लाख लिटर नदीत ओतते. त्या नदीच्या काठावरून कितीही प्लास्टिक उचललं तरी पाणी काळंच राहणार.

इथे कामाची वाटणी स्पष्ट व्हायला हवी. मोठ्या वाहिन्या, पंपिंग स्टेशन, प्रक्रिया केंद्र ही महापालिकेची किंवा नगरपालिकेची कामं आहेत. त्यासाठी कर आहे, अनुदान आहे, अभियंते आहेत. "लोकांनी पुढाकार घ्यावा" असं भाषणात म्हणत ही जबाबदारी लोकांच्या गळ्यात घालणं चुकीचं. पण नकाशात नसलेला पाइप कुठे आहे, हे त्या गल्लीतल्या मावशींना ठाऊक असतं. कोणत्या हॉटेलचं तेलकट पाणी रात्री दहानंतर नालीत येतं, कोणता टँकर पहाटे मैला आणून पुलाखाली रिकामा करतो, हे राखणदाराला आणि चहाच्या टपरीवाल्याला माहीत असतं. ही माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात सापडत नाही. लोकांशिवाय नदी साफ होत नाही ती या कारणाने.

खामने काय दाखवलं

खाम जटवाडा-हर्सूलच्या डोंगरांकडून येते, शहरातून आणि लष्करी छावणीतून वाहते आणि पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला मिळते. शहर पाणी पितं ते नाथसागराचंच. आपण सोडलेलं फिरून आपल्याच माठात येतं, हे शहरात सगळ्यांना कळायला हवं होतं, पण कळलं नाही. पाणचक्की, मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा ही सगळी याच नदीच्या अंगणातली. जुन्या शहराने नदीला पाठ दाखवली नव्हती.

2020-21 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, स्मार्ट सिटी, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. जागतिक संसाधन संस्थेच्या शहरांसाठीच्या रॉस पुरस्काराच्या 2023-24 च्या फेरीत हे काम अंतिम पाचांत पोचलं. खाममध्ये सांडपाणी येणं त्याने थांबलं असं कुणी समजू नये. मात्र त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: नदी आणि कचरा हे दोन विषय त्यांनी वेगळे ठेवले नाहीत. काठावर कचरा पडतो कारण त्या गल्लीत घंटागाडी वेळेवर येत नाही, किंवा येते तेव्हा बाई कामावर गेलेली असते. गाडीची वेळ बदलली तर काठावरचा ढीग कमी होतो. तिथे पाट्या लावून आणि दंड आकारून जे होत नाही, ते एका वेळापत्रकाने होऊ शकतं. ही वेळ विचारायची कुणाला? तिथल्या बायकांना.

शहराला हे थोडं आधीच कळलं होतं, पण वाईट रीतीने. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या उंबऱ्यावर पडत होता, विहिरी नासल्या होत्या, उच्च न्यायालयानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. पुढचे कित्येक आठवडे शहरभर ढीग साचले, मिटमिट्याला तर दंगलीसारखी स्थिती झाली. ओला-सुका वेगळा करण्याची भाषा शहरात खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. नारेगावच्या लोकांना कुणी "सहभागी करून" घेतलं नव्हतं. ते रस्त्यात उभे राहिले तेव्हा त्यांचा सहभाग मोजला गेला. खालच्या अंगाला राहणाऱ्यांना आधी विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

खालच्या गावांना विचारलं का?

नदीच्या बैठकांना बहुधा कोण येतं? निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, रोटरीचे पदाधिकारी, एनएसएसची मुलं, दोन-चार अधिकारी. सगळी भली माणसं. पण शहराच्या खालच्या अंगाला ज्या शेतकऱ्यांनी नदीत मोटार टाकलेली असते, ते नसतात.

दुष्काळी वर्षात, विहीर आटलेली, कालव्याला पाणी नाही, अशा वेळी भर मे महिन्यात हमखास मिळणारं एकच पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी. त्यावर मका होतो, घास होतो, जनावरं जगतात. त्यात नत्र-स्फुरद असतं, खत कमी लागतं. उद्या सगळं सांडपाणी पाइपात घालून दुसरीकडे नेलं तर शहर टाळ्या वाजवेल आणि खालची चार गावं कोरडी पडतील. त्यातून वाहिनीच फोडून पाणी घेण्याचे प्रकार होतात, आणि मग आपण त्यांना चोर म्हणतो. दुसऱ्या बाजूने, त्याच पाण्यावर मेथी-पालक पिकतो, मंडईत येतो आणि जंत घेऊन आपल्याच ताटात बसतो. म्हणजे त्या शेतकऱ्याला कच्चं नव्हे, प्रक्रिया केलेलं पाणी मिळणं यात दोघांचंही भलं आहे. हे ठरवायचं तर त्याला बैठकीत खुर्ची हवी, आणि ती पहिल्या बैठकीपासून हवी.

पंजाबातल्या काली बेईंचं उदाहरण सगळे देतात. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी 2000 साली कारसेवेने, म्हणजे लोकांच्या श्रमदानातून, सुमारे 160 किलोमीटरच्या त्या नदीतून जलपर्णी आणि गाळ काढायला सुरुवात केली. सांगताना हजारो हात सांगितले जातात. पण गावांचं सांडपाणी वळवून तळ्यांत घेणं आणि तिथून शेतीला देणं हा भाग बोलण्यात मागे राहतो. मला तर तोच मुख्य वाटतो.

टेंभुर्णीचा खड्डा

लहान गावासाठी इतकं दूर जायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी आहे. या गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघड्या नाल्या गेल्या आणि डासही गेले. पुढे जिल्ह्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं, आणि "मॅजिक पिट" हे नाव तिथूनच सर्वतोमुखी झालं. रचना साधी: साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे, वर झाकण. मोरीचं पाणी टाकीत येतं, राख-माती-खरकटं तळाला बसतं, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जिरतं. नालीच नको म्हटल्यावर नदीत जाणार काय?

मात्र काही गोष्टी पाळाव्या लागतात, आणि त्या कुणी सांगत नाही. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही. ते वेगळ्या टाकीत. पिण्याच्या विहिरीपासून आणि हातपंपापासून खड्डा लांब हवा. आणि चिकण काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. तिथे खालचा मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, नाहीतर परसबागेला पाणी द्यावं. टाकीतला साका वेळोवेळी काढला नाही तर खड्डा तुंबतो आणि लोक पाइप पुन्हा रस्त्यावर सोडतात. सरकारी योजनेतले कितीतरी खड्डे असेच मेले. खणायला अनुदान मिळतं, साका काढायला नाही.

गाळ, भिंती आणि झोपड्या

जालन्यात निजामकाळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून काढला गेला आणि शेतकऱ्यांनी तो वाहून शेतात नेला. तलावाचा गाळ सोन्यासारखा, म्हणून हे जमलं: गाळ काढणाऱ्याला पाणी मिळालं, नेणाऱ्याला माती. शहरातल्या नाल्याच्या गाळाला हा न्याय लागत नाही. त्यात कारखान्यांचं, गॅरेजांचं, बॅटऱ्यांचं काय काय मुरलेलं असतं. जड धातूंची तपासणी केल्याशिवाय तो शेतात टाकायचा नाही. जेसीबीने काढून काठावरच ओतणं तर सगळ्यात वाईट, कारण पहिल्या वळवात तो परत नदीत.

सुशोभीकरण हा आवडता शब्द. दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत, वर फरशी, दिवे, बाकडी. नदी अरुंद होते, पाणी मुरत नाही आणि पूर आला की वेग वाढतो. बीडमध्ये 1989 साली बिंदुसरेला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना नदीची रुंदी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या भागाचा पूररेषेचा नकाशा मागून घ्या. बाग कुठे, प्लॉटिंग कुठे, बिल्डरचा भराव कुठे, हे त्यावर ठेवून पाहिलं की चर्चेचा सूर बदलतो.

अतिक्रमण हटवायची वेळ आली की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो. काठावरची वस्ती दिसते म्हणून तीच घाण करते, असं धरलं जातं. खरं तर दिवसाला अर्धा तास पाणी मिळणाऱ्या झोपडीतून किती सांडपाणी निघणार? लोटच्या लोट येतो तो फ्लश, शॉवर आणि वॉशिंग मशीन असलेल्या कॉलन्यांतून, फक्त तो पाइपातून येतो आणि दिसत नाही. पुरात पहिल्यांदा बुडणारी, डास-मच्छर पहिल्यांदा सोसणारी ही वस्ती नदीची सगळ्यात चांगली राखण करू शकते. तिच्या डोक्यावर उठवण्याची टांगती तलवार असेल तर ती कशाला करेल? कचरा वेचणाऱ्या बायकांचंही तेच. काठावरचं विकाऊ प्लास्टिक त्या रोज उचलतात, फुकट. ओळखपत्र, हातमोजे, गमबूट आणि माल वेगळा करायला एक शेड एवढं दिलं तरी फरक पडतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. उत्साहाच्या भरात कॉलेजच्या मुलांना काळ्या पाण्यात उतरवू नये. पायाला काच लागली तर धनुर्वात, उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस. चेंबरमध्ये तर कुणीच उतरायचं नाही. तिथला वायू क्षणात माणूस घेतो, आणि हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे.

राखण कशी करायची

माझ्या मते लोकांचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याला फावडं लागत नाही. दिवाळीनंतर, झरे आटत आले की, नदीच्या काठाने चालत जा. या दिवसांत पाइपातून जे वाहतं ते पावसाचं नसतं, त्यामुळे चोर पकडणं सोपं. प्रत्येक तोंडाचा फोटो, जागा, रंग, वास, अंदाजे किती धार, हे वहीत टिपा. शाळेतली मुलं हे मोठ्यांपेक्षा नेटकं करतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, तोच फोटो घ्या. वर्षभराने ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलं की अभियंत्याला "तक्रार आली नाही" म्हणता येत नाही.

सोबत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. प्रक्रिया केंद्रात रोज किती पाणी आलं, बाहेर पडताना बीओडी किती होता, आणि केंद्राचं महिन्याचं वीजबिल किती. तिसरा प्रश्न विसरू नका. पंप आणि हवा सोडणारी यंत्रं चालली तर वीज जळते; कागदावर पाणी स्वच्छ आणि बिल निम्मं असेल, तर केंद्र रात्री बंद असतं हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ आहे. कोर्टकचेरी शेवटी, वही मजबूत असेल तर बहुतेकदा तिथपर्यंत जावं लागत नाही.

पण वही दाखवायची कुणाला, हाही प्रश्न खराच. संभाजीनगरात एप्रिल 2020 नंतर अनेक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्याला गल्लीत अडवून विचारता येतं असा माणूस नसला की नागरिकांचा गट आयुक्तांच्या मर्जीवर चालतो. आयुक्त बदलले की गट विस्कटतो. कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचंही तसंच. तीन वर्षांचा निधी संपला की बागेतलं गवत वाळतं. म्हणून नदीचं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत यायला हवं, वॉर्डनिहाय.

गावांकडे यासाठी थेट पैसा आलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता, आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. आपल्या गावात त्या 60 टक्क्यांतून काय झालं, किती पेव्हर ब्लॉक बसले आणि किती शोषखड्डे, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. उत्तर लेखी मागायचं आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहूनच सही करायची.